बिनकाठाची जांभळी साडी

आत्या, आज बारामतीला साडीच्या दुकानात गेले होते. भाच्याचं लग्न आहे. आहेराच्या साड्या घ्यायच्या आणि जमलं तर स्वतःलाही एखादी, असं मनात होतं. साड्या दाखवायला एक कोवळी मुलगी होती. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, त्याला तिला फार वेळ लागला नाही, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकू, मोठ्या काठाची नका घेऊ. साडी आणि ब्लाउज एकाच रंगात घ्या, उंची जास्त दिसते." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं मला राग आला. ती घाईघाईनं सांगायला लागली, की हे ती मोबाइलवर बघून शिकली आहे आणि सगळ्या नट्या असंच करतात. तिला काय सांगू, की हेच मला माझ्या सासूनं, म्हणजे तुम्ही, गोठ्याच्या भिंतीला उभं करून शिकवलं होतं, आणि तुम्ही ते शिकला होता शेळ्या आणि पुढारी बघून. स्वतःची साडी न घेताच बाहेर पडले. एसटीत खिडकीपाशी बसले आणि लासुर्णे येईपर्यंत एकटीच हसत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली. घरी आले, हातपाय धुतले आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली, पण तुमच्याशी बोलायचं बरंच राहून गेलंय. तुम्ही होता तोवर बोलायचं काम तुमच्याकडं होतं आणि ऐकायचं माझ्याकडं.

आपली सुरुवातच फसवणुकीनं झाली, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होता, आणि ते खोटं नव्हतं. तुम्ही मला बघायला निरवांगीला आलात, तेव्हा माझ्या आईनं मला चुलीपुढून उठूच दिलं नाही. पाहुणे आले, पाणी झालं, चहा झाला, मी आपली भाकरी थापतेय. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघितलंत. भाकरी टम्म फुगली, तुम्ही मान हलवलीत आणि लग्न ठरलं. पुढं तुम्ही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या: "भाकरी बघितली, पोरगी बघायची ऱ्हायली." लग्नात माझ्या मामानं मला पाटावर उभं केलं होतं आणि पाटाखाली आणखी एक पाट. अंतरपाट खाली आला तेव्हा मी तुमच्या मुलाच्या खांद्याला तरी लागत होते. माळा घालून झाल्या, अक्षता संपल्या आणि मी पाटावरून उतरले. तुम्ही शेजारच्या बाईला म्हणालात, "अगं, नवरी खाली उतरली का खड्ड्यात गेली?" माझ्या आईनं ते ऐकलं. ती इतकी घाबरली होती की तिनं पंगतीत तुम्हाला दोनदा जिलबी वाढली.

आपल्या घरात सगळेच उंच. तुमचे मालक, तात्या, दारातून वाकून आत यायचे. तुम्ही तर गावातल्या सगळ्या बायकांत उंच, आणि चालायच्या अशा की डोक्यावर हंडा नसतानाही हंडा आहे असं वाटावं. तुमच्या स्वयंपाकघरातली फळी तुमच्या कपाळाच्या उंचीवर होती. मीठ, चटणी, गूळ, चहाची पावडर, सगळं तिथं वर. मी ज्वारीच्या डब्यावर चढून गूळ काढत होते आणि तुम्ही मागून आलात. "धान्यावर पाय देतीस व्हय?" एवढंच म्हणालात, पण असं म्हणालात की मी डब्यावरून उतरले ती पुढं वर्षभर चढले नाही. काही लागलं की हाक मारायची आणि तुम्ही येऊन काढून द्यायच्या, प्रत्येक वेळी उसासा टाकून. एकदा तुमच्या मुलानं सुचवलं, की फळी जरा खाली ठोकूया. तुम्ही म्हणालात, "खाली आणली तर मांजर चढंल." मांजर आणि मी यांत तुम्ही मांजराचा विचार आधी केलात, हे मला तेव्हा फार लागलं होतं. आता हसू येतं.

मग नव्वदीत बायकांना राखीव जागा आल्या आणि आपल्या गावाचं सरपंचपद बाईकडं आलं. भावकीची बैठक आपल्याच ओसरीवर बसलेली. आधी तुमचं नाव निघालं. तुम्ही चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आलात आणि उभ्यानंच सांगितलंत, "मला वाचाया येत न्हाय. कागदात काय लिवलंय ते दुसऱ्यानं सांगायचं आन् मी अंगठा उमटवायचा, ह्ये मला जमायचं न्हाय. सूनबाईला करा. ती धावी झालीया." कुणीतरी चुलत सासरे म्हणाले, "करू की. पर ती दिसायची कशी?" सगळे हसले. मी दाराआड होते, मलाही हसू आलं, कारण तिथंही मी कुणाला दिसत नव्हते. तुम्ही हसला नाहीत. "दिसंल. तुमी च्या घ्या," म्हणालात. आणि मी बिनविरोध निवडून आले. उपसरपंच झाले खालच्या आळीतले, ज्यांचा मळा गावाला लागून होता. ते मला वैनी म्हणायचे आणि कुठंही गेलो की माझ्या पुढं उभे राहायचे. "वैनी, तुमी बसा. मी बोलतो." यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. त्यांना पुढं उभं राहायची सवय होती आणि मला मागं.

शाळेच्या नव्या खोलीचा नारळ मी फोडला आणि त्याचा फोटो तालुक्याच्या पानावर छापून आला. पेपर घेऊन तुमचा मुलगा कारखान्यावरून आला आणि तो तुम्ही चुलीच्या उजेडात धरलात. फोटोत पाच पुरुष होते, सगळे हसरे. उपसरपंचांचं कोपर आणि एका पाहुण्यांचं पोट यांच्या मधून बांगड्या घातलेला एक हात आला होता आणि त्या हातात अर्धं खोबरं होतं. तुम्ही विचारलंत, "ह्यात तू कुठंयस?" मी बोट ठेवलं. "हा हात माझा." तुम्ही पेपर चुलीच्या आणखी जवळ नेलात. मग म्हणालात, "हाताला सरपंच केलंय का लोकांनी?" तुमचा मुलगा हसून म्हणाला, "आई, पुढच्या टायमाला तिला टिपाडावर उभी कर." तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत की तो जेवायचा थांबला. पेपरची घडी घालून तुम्ही फळीवर ठेवलीत, माझा हात पोचणार नाही अशा जागी, आणि त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात ते सुरू झालं.

त्यातच इंदापूरला एक सभा झाली. आपण दोघी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो होतो. स्टेजवरचे पुढारी लांबून चांगले धिप्पाड दिसत होते. भाषण झाल्यावर ते बायकांच्या बाजूला नमस्कार करायला खाली आले आणि तुमच्यासमोरून गेले. तुमच्या खांद्याला लागत होते. तुम्ही त्यांच्या टोपीकडं वरून बघितलंत. परतीच्या वाटेवर ट्रॉली उसळत होती, बायका गाणी म्हणत होत्या. आपला रस्ता आला तेव्हा माझ्या दंडाला धरून म्हणालात, "त्यो उंच न्हाय गं. त्यो एकरंगी हाय. टोपी पांढरी, सदरा पांढरा, धोतर पांढरं. कुठं तूटच न्हाय." आणि मग शेळ्यांचं सांगितलंत. तुमचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं, कळपात चार शेळ्याही असायच्या. चितकबरी शेळी तुकड्यातुकड्यानं दिसते, म्हणून ठेंगणी वाटते. सलग काळी शेळी तेवढीच असली तरी दोन बोटं उंच दिसते. तुमचे वडील बाजारात काळीच पुढं बांधायचे. "आन् तू बघ," तुम्ही म्हणालात. "हिरवी साडी, तांबडा काठ, पिवळं पोलकं. तुजं तीन तुकडं हुत्यात आन् तीनीबी बारकं." मला सरपंच होऊन दोन महिने झाले होते. शेळी व्हायची तयारी नव्हती माझी.

मला आत्ताही दिसतंय. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. तुम्ही रस्त्यापलीकडं, बांधावर, डोळ्यांवर आडवा हात धरून. "मान वर घी. आंबाडा वर बांध. आता गप हुबी ऱ्हा." मागं म्हैस रवंथ करतेय. रस्त्यानं जाणारा माणूस आधी तुमच्याकडं बघतो, मग माझ्याकडं आणि पाय उचलून चालायला लागतो. पेटीतल्या सगळ्या साड्या झाल्या. काठ आत दुमडून बघितला, पदर मागं टाकून बघितला. पिवळी नेसवलीत तर पलीकडची म्हातारी हळद कुणाची म्हणून विचारून गेली. शेवटी तुमचं मन पांढऱ्यावर गेलं. पुढारी पांढऱ्यात उंच दिसतात तर सरपंचानं का दिसू नये, असा तुमचा सवाल. तात्यांचं एक जुनं धोतर मला वरून गुंडाळलंत आणि बांधावर जाऊन बघितलंत आणि तिथनं ओरडलात, "ह्ये बेस दिसतंय!" तात्या ओसरीवर पान लावत बसले होते. पानावरची नजर न काढता म्हणाले, "आपला ल्योक अजून जिता हाय." धोतर लगेच घडी करून आत गेलं. काळ्याचं नाव तुम्ही काढलंत आणि स्वतःच गिळलंत. सरपंच काळ्या साडीत आली तर गावावर काय संकट येईल याची तुम्हालाच भीती वाटली.

म्हणून मग आपण बारामतीला गेलो. दुकानदारानं इरकल दाखवली, नारायणपेठी दाखवली. प्रत्येक साडीचा काठ तो बोटानं उलगडून दाखवायचा आणि प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायच्या, "काठ नगं." तो थकला. "मावशी, काठच नसला तर साडी संपली कुठं ते कळणार कसं?" तुम्ही म्हणालात, "नगंच कळूंदे. तेच पायजे." त्यानं एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि अगदी खालच्या कप्प्यातून एक जांभळी साडी काढली. गर्द, पिकल्या जांभळासारखी, ना काठ ना बुट्टी, पदरसुद्धा तसाच. कुणी घेत नाही म्हणून खाली पडली होती, असं तो खरं बोलून गेला. तुम्ही ती माझ्या अंगाभोवती लपेटलीत आणि मला दुकानाबाहेर उभं करून स्वतः रस्ता ओलांडून रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभ्या राहिलात. मधून टेम्पो जातायत, सायकली जातायत. साडी घेऊन पळू नये म्हणून दुकानातला माणूस माझ्या शेजारी उभा. गर्दीतून तुमचा हात वर आला, मग तुमचा आवाज. "हीच!" रसवाल्यानंही मान डोलावली, असं तुम्ही घरी सांगितलंत. त्याच कापडाचं पोलकं शिवून घेतलं, हात कोपराच्या खालपर्यंत. माझ्यासाठी तुम्ही घेतलेली ती पहिली साडी. लग्नातल्या साड्या मानाच्या होत्या, ही माझी होती. रंग मला अजिबात आवडला नव्हता, हे आज सांगतेय.

ती नेसून मी पहिल्यांदा इंदापूरला पंचायत समितीत जाणार होते. काम होतं पाण्याच्या टाकीचं. आपली वस्ती माळावर, गाव खाली. वस्तीवरच्या बायका कालव्याच्या चारीवरून पाणी आणायच्या, मीही आणायचे, तुम्हीही. गावाला नळाची योजना मंजूर झाली होती आणि उपसरपंचांच्या मनात टाकी त्यांच्या मळ्याशेजारी बांधायची होती. तिथून पाणी माळावर चढलं नसतं. हे पंचायत समितीच्या साहेबांना सांगायचं, एवढंच मला करायचं होतं. आदल्या दिवशी तुम्ही मला पुन्हा भिंतीला उभं केलंत, बांधावरून बघितलंत आणि तोंड वाकडं केलंत. "पायापशी तुटतंय." चपला काळ्या होत्या. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावलेला जांभळा रंग डब्यात उरला होता. तुम्ही काडीला चिंधी बांधून माझ्या चपला रंगवल्यात, वरून, कडेनं, अगदी अंगठ्याच्या जागेतसुद्धा, आणि उन्हात ठेवल्यात. सकाळी हात लावून म्हणालात, "वाळल्यात." बैलाच्या शिंगावर तो रंग महिना महिना राहायचा, तेव्हा तुमचा विश्वास बरोबरच होता. पण बैल शिंगांवर चालत नाही.

एसटीत काही झालं नाही. ऊन चढलं, उपसरपंच आणि मी स्टँडपासून चालत गेलो, आणि रंग मऊ झाला असणार. मी चपला दारात काढून आत शिरले, उपसरपंचांनी नेहमीप्रमाणं मला कपाटामागच्या बाकाकडं हात केला आणि ते साहेबांच्या टेबलापाशी गेले. मला तिथून फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि आवाज येत होता. "सरपंचांचं म्हणणं तेच माझं म्हणणं, साहेब. मळ्याकडची जागा सोयीची." साहेब म्हणाले, "पण सरपंच आहेत कुठं?" उपसरपंच म्हणाले, "आल्यात की, बसल्यात." साहेबांनी मान उंच करून बघितलं, त्यांना मी दिसले नाही. तेव्हा फडकं घेऊन दारात उभा असलेला शिपाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, हे पाय बघत जावा." दारापासून बाकापर्यंत, स्वच्छ फरशीवर, माझी जांभळी पावलं एकापुढं एक उमटलेली होती. लहान लहान. लक्ष्मीच्या पावलांसारखी दिसत होती, पण कुणाला तसं म्हणायचा धीर झाला नाही. साहेब उठले आणि खरंच त्या पावलांमागनं चालत कपाटामागं आले. मी उभी राहिले. मला वाटलं आता फरशी पुसायला लावणार. ते म्हणाले, "सरपंचबाई, पुढं येऊन बसा. टाकी तुम्हाला कुठं हवी?" मी म्हणाले, "माळावर." उपसरपंच लगेच म्हणाले, की हे ग्रामसभेत ठरू द्या. साहेब म्हणाले, "ठरू द्या. मी येतो ग्रामसभेला." घरी येऊन मी पाय रॉकेलनं घासत बसले आणि तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही पावलांचं ऐकून घेतलंत, आणि एवढंच म्हणालात, "म्हंजी साडीतनं दिसली न्हाईसच." तुमचं समाधान करणं फार अवघड होतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. एरवी दहा-वीस माणसं यायची, त्या दिवशी पटांगण भरलं, कारण टाकीचं सगळ्या गावात झालं होतं. मी जांभळ्यात, पायात काही नाही. साहेब खुर्चीवर, समोर टेबल, टेबलाला चारी बाजूंनी पुरुषांचा वेढा. बायका लांब, शाळेच्या भिंतीशी. माझी खुर्ची साहेबांच्या बाजूला होती, पण माझ्या पुढं उपसरपंच उभे, त्यांच्या पुढं त्यांची माणसं. ते बोलले, चांगले पंधरा मिनिटं बोलले. मळ्याकडची जागा सपाट आहे, रस्ता आहे, वीज आहे. मग साहेब म्हणाले, "आता सरपंच." मी खुर्चीवरून उठले आणि बसले होते त्याहून खालीच गेल्यासारखं झालं, कारण खुर्ची उंच होती. मागून कुणीतरी ओरडलं, "सरपंच दिसंना झाल्या!" हशा पिकला. उपसरपंच मागं वळून हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वैनी, मी सांगतो तुमचं." आणि मी, आत्या, जवळजवळ हो म्हणणार होते.

तेवढ्यात वेढा बाजूला झाला. तुम्ही येत होता. शाळेच्या भिंतीपासून, पुरुषांच्या मधून, तुमच्या त्या हंड्याच्या चालीनं. तुमच्यासाठी माणसं आपोआप सरकायची, तशी सरकली. मला वाटलं तुम्ही आता माझ्या वतीनं बोलणार, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तुम्ही टेबलापुढं आलात, माझ्या अगदी समोर. उपसरपंचांना ओलांडून माझ्याकडं बघितलंत. मग गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसलात. धुळीत, मांडी घालून. "सरपंच बोलणार हायत," तुम्ही मोठ्यानं म्हणालात. "मला म्हातारीला उभं ऱ्हावत न्हाय. मी बसून ऐकते." जिच्यापुढं मी कधी पाटावरसुद्धा बसले नव्हते, तुम्ही ओट्यावर असाल तर मी जमिनीवर, ती बाई माझ्या पायाशी बसली होती आणि मला अहोजाहो करत होती. तात्या बाजूच्या पारावर होते. त्यांनी तुमच्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला, उतरून आले आणि तुमच्या शेजारी बसले. तात्या बसले म्हणजे भावकीला बसावंच लागलं. भावकी बसली तशी खालच्या आळीतली म्हातारी माणसं बसली, मग त्यांच्यापुढं तरणी पोरं कशी उभी राहणार. पाऊस पडल्यावर पीक आडवं होतं तसं ते पटांगण माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं. उभे राहिले फक्त उपसरपंच, टोपीपासून वहाणांपर्यंत पांढरेशुभ्र. साहेब म्हणाले, "आपणही बसा की." त्यांनी जमिनीकडं पाहिलं, धोतराकडं पाहिलं, आणि सोगा दोन्ही हातांनी वर धरून उकिडवे बसले. संपूर्ण सभा ते तसेच होते.

मग मी बोलले. थोडा वेळ लागला सुरू करायला, पण बोलले. काही मोठं बोलले नाही. म्हणाले, साहेब, पाणी खालून वर जात नाही. टाकी मळ्यापाशी बांधली तर मळ्याला आणि गावाला पाणी मिळंल. माळावर बांधली तर माळाला मिळंल, गावाला मिळंल आणि मळ्यालाही मिळंल. कुणाचंच काही कमी होत नाही. मागून बायका "बरोबर हाय" म्हणाल्या, आधी एक, मग सगळ्या. साहेबांनी हात वर करायला सांगितलं. खालच्या आळीतलेही बरेच हात वर आले. उपसरपंचांना हात वर करायचा नव्हताच, पण करायचा असता तरी सोगा सोडावा लागला असता. साहेबांनी तिथंच लिहून घेतलं. सभा उठली, सगळे उठले, तुम्हाला मात्र उठता येईना. गुडघे धरले होते. तात्यांनी हात पुढं केला, तो तुम्ही घेतला नाहीत. माझ्याकडं हात केलात. एवढ्या उंच बाईला मी ओढतेय आणि तुम्ही म्हणताय, "वड की गं, सरपंच हायस का कोण?" आपण दोघी पडता पडता वाचलो.

टाकी माळावर झाली. सरकारी काम, वर्ष गेलं, दुसरं गेलं, पण झाली. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा तुम्ही ते ओंजळीत घेतलंत, चाखलंत आणि म्हणालात, "चारीचंच बरं हुतं." तरी पुढं चारीवर कधी गेला नाहीत. ती जांभळी साडी मी पाच वर्षं सरपंचपदाची साडी म्हणून नेसले. तिच्यात मी उंच दिसले की नाही, हे मला कधीच कळलं नाही. लोक लांबून ओळखायला लागले एवढं खरं. उपसरपंच पुढं पुढं बरे वागायला लागले, बोलायच्या आधी "सरपंचांना विचारा" म्हणायचे. साडी विरली, तिची गोधडी झाली. तुम्ही आजारी पडलात, अंथरुणाला खिळलात, आणि तेव्हासुद्धा मी कुठं निघाले की पडल्या पडल्या विचारायच्या, "कोणती नेसलीस?" मी सांगायचे. तुम्ही डोळे मिटूनच म्हणायच्या, "काठ लई मोठा हाय त्याचा."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुम्ही असता तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि शेळ्यांचं, चपलांचं वाचून झाल्यावर राहिलेलं मी गाळलं असतं. राहिलेलं एवढंच आहे. त्या दिवशी धुळीत बसताना तुमचा पदर डोक्यावरून घसरला आणि गर्दीच्या गडबडीत तुमच्या ते लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांत तुमचं डोकं मी वरून कधी पाहिलं नव्हतं. भांगापाशी केस अगदी विरळ झाले होते, आतली कातडी लहान पोराच्या टाळूसारखी दिसत होती, आणि हंड्याच्या चुंबळीनं मधोमध एक गोल घासून गुळगुळीत झालेला होता. मला बोलायला सुरुवात करायला वेळ लागला तो भीतीनं, असं सगळ्यांना वाटलं. तुम्हालाही वाटलं. घरी आल्यावर हात धुता धुता तुम्ही विचारलंत, "भ्यालीस व्हय गं?" आणि मी हो म्हणाले. भ्याले नव्हते, आत्या. तुमच्याकडं बघत होते.